बिनमान्यतेचे देश

जगाच्या पाठीवर ज्या ज्या देशांना देश म्हणायला कुणी तयार नाही, त्या सगळ्यांचा सोलापुरातला एकमेव वकील म्हणजे माझा मामा. हे वकीलपत्र त्याला कुणी दिलेलं नाही, आणि त्या देशांपैकी एकाला तरी सोलापूर कुठे आहे हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण मामाला त्याची पर्वा नाही. ज्याच्या बाजूने कुणी नाही त्याच्या बाजूने आपण, हा त्याचा जन्माचा खाक्या. गल्लीत क्रिकेटचा सामना असला की हा हरणाऱ्या संघाजवळ जाऊन बसायचा, आणि तो संघ चुकून जिंकायला लागला की कंटाळून घरी जायचा. पंगतीत ज्या भाजीला कुणी हात लावत नाही तिचं तोंडभर कौतुक करून दोनदा वाढून घ्यायचा. रात्री पोटात दुखलं तर वरून खाल्लेल्या ओव्याला दोष द्यायचा, भाजीला नाही. आई म्हणते, "आमच्या या भावाला पडत्या बाजूचं वेड आहे." आई त्याची थोरली बहीण. त्यामुळे तिचं म्हणणं सहसा खरं असतं आणि बहुतेक वेळा उशिरा पटतं.

मामा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. सोलापूरचे टॉवेल जगभर जातात, आणि ते ज्या खोक्यांतून जातात त्यांच्यावर देशांची नावं रंगवायचं काम मामाकडे असायचं. स्वतः तो हुबळीच्या पुढे कधी गेला नाही. पण पत्र्याच्या साच्यावरून ब्रश फिरवून फिरवून त्याला अर्धं जग तोंडपाठ झालं होतं. कुणी पोर्तुगाल म्हटलं की तो म्हणायचा, "जाड माल घेतात. फिका निळा." कॅनडा म्हटलं की म्हणायचा, "मोठे आकार. शिलाईत लई खोड काढतात." अशा माणसाच्या हाती एक दिवस काराबाख नावाच्या कुठल्याशा डोंगराळ मुलखाची नोट पडली, आणि तिथून पुढे तो कामातून गेला.

झालं असं, की माल बघायला आलेल्या एका जर्मन गिऱ्हाइकाला मामाची रंगवलेली अक्षरं फार आवडली. मामाचं इंग्रजी 'यस' पासून सुरू होऊन 'थँक्यू'ला संपतं, तेव्हा संभाषण काही लांबलं नाही. जाताना त्या पाहुण्याने पाकिटातून एक कोरी करकरीत नोट काढून आठवण म्हणून मामाच्या हातात ठेवली. मामा ती घेऊन बँकेत गेला. खिडकीतल्या पोराने नोट उलटीपालटी केली, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "काका, असा देशच नाही."

"देश न्हाई तर नोट काय आभाळातनं पडली का बे?" मामाने विचारलं. पोराने नोट खिडकीतून परत सरकवली. मागची रांग मात्र हसली. ते हसू मामाला लागलं. नोट चालत नाही हे त्याला मान्य होतं. देशच नाही, हे त्याला मान्य होईना.

मग त्याने फोनवर शोध घेतला, माहीतगारांना विचारलं आणि त्याला एक वेगळंच जग सापडलं. भांडणातले मुलूख, दोन शेजाऱ्यांच्या ओढाताणीत अडकलेले प्रदेश, स्वतःचा झेंडा आणि स्वतःची शाळा असूनही नकाशात ज्यांना जागा नाही असे डोंगर. त्यांतले काही जण नोटा छापतात. बाजारात चालवायला नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्याला आठवण म्हणून द्यायला, आणि आम्हीही आहोत असं जगाला सांगायला. मामा मला समजावून सांगायचा, "ही नोट भाजी घ्यायला न्हाई छापली. आपण घर बांधलं की दारावर नावाची पाटी लावतो का न्हाई? पोस्टमन येवो न येवो. तसं हाय हे." पुढे पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून त्याने अबखाझियाची मागवली, आणखी कुणाकुणाच्या मिळवल्या. नोटा दाखवायच्या आधी तो बघणाऱ्याला साबणाने हात धुवायला लावी, आणि पुसायला स्वतःच्या कारखान्याचा टॉवेल देई. नोट बघून माणूस काही बोलायच्या आत टॉवेल कसा वाटला हे विचारी.

या नोटांना कुणी 'खोट्या' म्हटलेलं त्याला खपत नसे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत लहान मुलांच्या खेळातल्या नोटा विकायला असतात. माझ्या एका मित्राने मामाला त्या दाखवून विचारलं, "मामा, यातली एखादी नाही का तुमच्याकडे?" मामा तिथून जो निघाला तो भजी न खाता घरी गेला. गड्ड्यातून भजी न खाता परत आलेला सोलापूरकर मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्या देशांचे स्वातंत्र्यदिन तो पाळायचा. सकाळी पॅकिंग खात्यात पेढे वाटायचा. एकदा नव्या सुपरवायझरने विचारलं, "काय झालं मामा? नातू?" मामा म्हणाला, "देश झाला." सुपरवायझरने पेढा परत पेटीत ठेवला म्हणतात.

सोलापूरवरही त्याचा एक राग होता. इंग्रजांच्या काळात आपलं गाव चार दिवस कुणाचंच नव्हतं, स्वतःचं स्वतः चाललं होतं, ही गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ असते. मामा ती ऐकून हळहळायचा. "झेंडा लावला, समदं केलं. पण एक नोट छापायला पाहिजे हुती बे. तितं चुकलं सोलापूर."

आता अक्काविषयी सांगायला हवं, कारण अक्काशिवाय मामा म्हणजे काठाशिवाय टॉवेल. कोण कुणाला धरून आहे हे लगेच कळतं. अक्का तेलुगू, विणकरांच्या घरातली. त्याच कारखान्यात ती टॉवेलच्या कडा शिवायची. तिचा नवरा फार वर्षांपूर्वी मागावर काम करायला म्हणून भिवंडीला गेला, तो गेलाच. ना तो आला, ना त्याची काही बातमी आली. अक्का सवाष्ण की काय, हे तिच्या माहेरच्यांनी ठरवलं नाही आणि सासरच्यांनीही नाही. मामाचं लग्न जमता जमता राहून गेलेलं. अशोक चौकाच्या आतल्या बाजूला एका घरात खाली अक्का राहायची, वर मामा भाडेकरू म्हणून आला. पहिल्यांदा त्याचा डबा सुरू झाला, मग डबा वर जायचा बंद होऊन मामा खाली यायला लागला. मामाच्या तापात ती जागली, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हा दवाखान्यात बाकावर झोपला. पण आमच्या घरात याला एकच नाव होतं, जेवणाची सोय. "मामाची जेवणाची सोय छान झालीय हो," असं आई पाहुण्यांना सांगायची. अक्का आजारी असली की, "मामाचा डबा सध्या बरा नाही." आम्ही पोरं यावर खूप हसायचो. आता हसू येत नाही.

ती त्याला 'पॅकिंगवाले' म्हणायची, तो तिला साऱ्या कारखान्यासारखं 'अक्का'. नोटांविषयी तिचं मत शिलाईवाल्या बाईचं होतं. नवी नोट आली की चष्मा लावून चारी कडा बघायची आणि म्हणायची, "अय्यो, ह्याचा काठ वाकडा कापलाय की पॅकिंगवाले. देश नवीन आहे वाटतं." मामाकडे शाळेतला जुना, मागून कापड लावलेला जगाचा नकाशा होता. त्यावर या देशांच्या सीमा नव्हत्या. त्या अक्काने शिवल्या. लाल दोऱ्याने, हातशिलाईने, बारीक टाके घालून. जगातल्या मोठमोठ्या माणसांना टेबलाभोवती बसून जे जमलं नाही ते आमच्या अक्काने दुपारी जेवणानंतर चटईवर बसून केलं, असं मामा अभिमानाने सांगायचा.

काही वर्षांपूर्वी गणपती बसले त्याच दिवसांत काराबाखची बातमी आली. तिथे तोफा चालल्या, आणि बघता बघता ते सगळे लोक गाड्यांवर गाद्या-भांडी लादून घरं सोडून निघाले. पुढे ते सरकारही गुंडाळलं गेलं. त्या भांडणात कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हे मामाला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि तो ते कबूलही करायचा. पण तो आमच्याकडे आरतीला आला नाही. आईने फोन केला तर म्हणाला, "मला सुतक हाय."

"कोण गेलं तुझं?"

"देश गेला, ताई."

आईने फोन ठेवून कपाळाला हात लावला. मी मोदक घेऊन गेलो, तर मामा वाढलेल्या दाढीने खिडकीशी बसला होता. अक्काने त्याच्यापुढे साधा वरणभात ठेवला होता, कारण सुतकात गोड करत नाहीत. तिने ते सुतक थट्टेवारी नेलं नाही, हे मला तेव्हा फार विशेष वाटलं. तिने नकाशाकडे बघून हळूच विचारलं, "तेवढे टाके उसवू का?" मामा म्हणाला, "नको. राहू दे. कुणाच्यात नसलं तरी आपल्यात असू दे." आणि मग मला म्हणाला, "इतकी वर्षं ते लोक सांगायलेत, आमी हाय म्हणून. कुणीतरी एकदा व्हय म्हणायला काय जात हुतं बे?"

त्यानंतर माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलीचा मामा म्हणजे लग्नातला मोठा मान. त्याने आणलेलं अष्टपुत्री नेसून मुलगी मांडवात येते, त्यानेच तिला बोहल्यावर आणायचं असतं. अष्टपुत्री मामाने आणलं, त्याला फॉल अक्काने लावला. पण मानाच्या आहेराला मामा-मामींना शेजारी शेजारी पाटावर बसवतात, त्याला टॉवेल-टोपी, तिला साडी, आणि तिथे आमचा मामा प्रत्येक लग्नात एकटा बसत आला होता. टॉवेल मिळाला की तो अंगठा आणि बोटात धरून चोळायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "आपला माल न्हाई." लोक हसायचे, आणि शेजारचा पाट रिकामा आहे हे त्या हसण्यात बुडून जायचं.

बहिणीने या वेळी लावून धरलं. आईला म्हणाली, "मामा कुठल्या कुठल्या देशांना मान्यता देत बसतो. आपण अक्काला तरी देऊ. ती त्याच्या शेजारी पाटावर बसली पाहिजे." आईने दोन दिवस भांडी आपटली. लोक काय म्हणतील, मुलाकडचे काय विचारतील, तिच्या नवऱ्याचं काय, सगळं झालं. मग एका दुपारी कुणाला न सांगता ती नवी पेठेत गेली आणि अक्कासाठी साडी घेऊन आली. माझ्या काकूला घेतली त्याहून भारी. भटजींना आणि माइकवाल्याला तिने स्वतः सांगून ठेवलं, मामांना जोडीने बोलवा. फक्त मामाला आणि अक्काला सांगितलं नाही. का, तर म्हणे, "आधी सांगितलं तर तो आठ दिवस मला भाषण देईल. बसल्यावर कळेल की." आमच्या घरात हार मानायची ती अशीच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने.

कार्यालय भरलेलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर मुलाकडची मंडळी, मागे कारखान्यातल्या बायकांमध्ये अक्का, डोक्यात अबोलीचा गजरा. दोन पाट मांडलेले. माइकवाला म्हणाला, "मुलीचे मामा-मामी, जोडीने यावं." मामा सवयीप्रमाणे एकटाच उठून आला. भटजी म्हणाले, "मामी कुठायत? जोडीने बसायचंय." आणि मामाने, इतक्या वर्षांत प्रत्येक मांडवात जे हसत हसत सांगितलं होतं तेच, माइक समोर आहे हे विसरून सांगितलं, "मामी न्हाई हो. आपलं कुणीच न्हाई. मी एकटाच हाय." आणि दुसरा पाट आपल्याच हाताने बाजूला सारून, ऐसपैस मांडी घालून बसला. सगळं कार्यालय हसलं.

आई साडी हातात घेऊन समोर उभी होती. मामाची नजर आधी साडीवर गेली, मग भटजींवर, मग बाजूला सारलेल्या पाटावर, आणि मग त्याला कळलं. मी त्याचा चेहरा पाहिला आणि मान फिरवली. त्याच्या खांद्यावर टॉवेल पडला, डोक्यावर टोपी बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो टॉवेल चोळून बघितला नाही. मागच्या बायकांमध्ये अक्का तशीच बसून होती. शेजारची काही बोलली तिला तिने हसून उत्तरही दिलं. मग जेवणाची पंगत बसली तशी ती इतरांबरोबर उठून जेवायला गेली.

लग्नानंतरची पूजा आटोपल्यावर आई ती साडी, नारळ, कुंकवाची डबी घेऊन अक्काकडे गेली. मी बरोबर होतो. मामा वरच्या खोलीत होता, खाली आला नाही. अक्काने कॉफी केली. आईकडून कुंकू लावून घेतलं, नारळ घेतला, आईच्या पायाही पडली. साडीवरून एकदा हात फिरवला, काठ उलटून बघितला आणि परत आईच्या मांडीवर ठेवली.

"लई चांगली आहे, ताई. पण हा मांडवातला आहेर होता. मांडव उठला आता. घरात घेतली तर नुसती साडी होते."

आई रिक्षात घरी येईपर्यंत रडत होती. "त्याला आधी सांगायला पाहिजे होतं रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मामा त्या दिवसापासून मुकाट झाला. नोटांविषयी विचारलं तर "बघू नंतर" म्हणायचा. मग माढ्याहून त्याच्या चुलतभावाच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं आणि मामा एकदम जागा झाला. मला म्हणाला, "गाडी काढ. अक्काला बी न्यायचंय." अक्का नको नको म्हणत होती, पण आली. निघायच्या आधी तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाला, "आज समद्यांसमोर सांगणार बघ मी." कपडे इस्त्रीचे, दाढी गुळगुळीत. वाटेत काचेबाहेर बघत तो ओठ हलवत होता. शाळेत कविता म्हणायच्या आधी पोरं करतात तसं.

माढ्याला अंगणातच त्याची म्हातारी आत्या बसली होती. तिने दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आन् ह्या बाई कोन म्हनायच्या रं?" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मामा ताठ उभा राहिला, त्याने घसा खाकरला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मी शेजारीण आहे, आत्या. ह्यांच्या ताईंच्या ओळखीची. हातभार लावायला आले."

"लई ब्येस झालं बाई," आत्या म्हणाली. "पुऱ्या लाटाया मानूस कमीच हुतं."

अक्का पदर खोचून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत पुऱ्या लाटत बसली. मामा अंगणात खुर्चीवर बसून राहिला. कुणी सरबत दिलं ते हातात तसंच धरून.

परतताना मोहोळ मागे पडलं. मग मामा पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाला, "अक्का, मी सांगणारच हुतो."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "तुम्ही घसा साफ केला तेव्हाच कळलं."

"मग मधी का बोललीस?"

"कार्यालयात तुम्ही न्हाई म्हणालात ते मी ऐकलं. आज बी तोंडातनं न्हाईच आलं असतं तर? पुन्हा ऐकायचं बळ नाही माझ्यात, पॅकिंगवाले."

लांबोटीला मी चहासाठी गाडी थांबवली. अक्काचे गुडघे दुखत होते, ती आतच बसली. आम्ही दोघं टपरीवर गेलो. मामाने खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, आणि चहावाल्याला चांगल्या मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाला, "तीन चहा दे. त्यातला एक बिनसाखरेचा कर. आमच्या मंडळींना साखर चालत न्हाई."

चहावाल्याने मान वर केली नाही. त्याला काय, रोज शेकडो माणसांच्या मंडळी तिथून जातात. मी गाडीकडे बघितलं. काच वर होती, आणि अक्का सीटला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मामा दोन्ही हातांत ग्लास धरून सांडू न देता हळूहळू तिच्याकडे निघाला. तो काय म्हणाला ते मी तिला सांगून काही उपयोग नव्हता.